लाल खुणेचं कॅरेट

मी कॅरेट बोलतोय. सोन्याचं नव्हे, टोमॅटोचं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो ज्या जाळीदार प्लॅस्टिकच्या पेट्यांतून येतात, त्यांना शिकलेली माणसं क्रेट म्हणतात. आमच्याकडं लहानथोर सगळे कॅरेटच म्हणतात आणि मलाही तेच नाव आपलं वाटतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून गरमागरम बाहेर पडलो तेव्हा माझा रंग असा निळाशार होता की बघत राहावं. पण फुशारकी मारायला जागा नव्हती, कारण माझ्या आजूबाजूला शेकडो भावंडं तशीच निळीशार पडलेली. आम्हा कॅरेटांचं मोठं दुःख हेच. सगळे एका चेहऱ्याचे. बाजारात तुम्ही आपली भरलेली कॅरेटं देता आणि परतताना कुणाची तरी रिकामी घेऊन येता. मग घरी गेल्यावर कळतं की फुटकं आपल्या वाट्याला आलं आणि धडकं दुसऱ्यानं नेलं.

म्हणून प्रत्येक शेतकरी कॅरेटावर काहीतरी खूण करतो. कुणी नाव लिहितो, कुणी गावाचं पहिलं अक्षर, कुणी नुसताच रंगाचा फराटा मारतो. आम्हाला विकत घेतलं ते कळंबच्या याकोबबाबांनी. घराचं दार रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट त्यांच्याकडं होता. त्यांनी आमच्या कुशीवर एक उभी आणि एक आडवी रेघ ओढली. बाबा ख्रिस्ती, त्यामुळं त्यांच्या मनात तो प्रभूचा क्रूस होता. बाजाराला ती बेरजेची खूण वाटली. "अधिकवाल्याचा माल आला का?" असं लोक विचारू लागले. बाबांना आधी वाईट वाटलं, मग हसू आलं. म्हणाले, "वजावाला तर म्हणत न्हाईत ना? मग झालं."

कळंबात ख्रिस्ती घरं थोडी. प्रभूचं देऊळ बांधण्याइतकी ऐपत नाही आणि माणसंही नाहीत. जुन्नरहून पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, बाकीच्या रविवारी बाबाच उपासना चालवायचे. जागा म्हणजे टोमॅटो निवडायचं पत्र्याचं शेड. रविवारी सकाळी शेड झाडायचं, आम्हा कॅरेटांना पालथं घालून रांगेत मांडायचं, की झाली बाकं तयार. माझ्यावर ठरलेली बैठक ठकूबाईंची. बाई अंगानं चांगली भक्कम, आणि उपदेश लांबला की डुलक्या काढायची. पेंग आली की ती एका अंगाला कलायची आणि माझी एक बाजू करकरायची. त्या आवाजानंच ती जागी व्हायची आणि मोठ्यानं "आमेन" म्हणायची.

माणसांना रविवारचे कपडे वेगळे असतात, सोमवारचे वेगळे. मला ती सोय नाही. ज्या अंगावर बसून लोक स्तोत्रं गातात, त्याच अंगात दुसऱ्या दिवशी टोमॅटो भरतात. म्हणून असेल, पण मला पहिल्यापासून माणसांच्या रविवारचं आणि सोमवारचं फार कुतूहल वाटत आलं आहे.

आता बाजारातली एक रीत सांगतो. कॅरेट भरताना खाली बारीक, डागी, तडकलेले टोमॅटो घालायचे आणि वरचा थर निवडक, देखण्या टोमॅटोंचा लावायचा. याला कुणी चोरी म्हणत नाही. सगळेच थोडंफार करतात आणि व्यापाऱ्यालाही ते ठाऊक असतं. म्हणूनच तो आलेल्या मालातलं एखादं कॅरेट जमिनीवर ओतून बघतो. याकोबबाबांना ही रीत मुळीच खपायची नाही. त्यांचा मुलगा शांतवन तरुणपणी एकदा तसा थर लावताना दिसला, तेव्हा बाबांनी त्याच्या देखत आख्खं कॅरेट पुन्हा रिकामं केलं. "वर जे, तेच खाली," ते म्हणाले. "वरनं बघणारा शौकत हाय. खालनं बघणारा बी कोणतरी हाय, हे ध्यानात ठिव."

शौकत म्हणजे जुन्नरचा व्यापारी. नारायणगावच्या मार्केट यार्डात त्याची बसायची जागा आहे. घासाघीस करणारा, जिभेनं तिखट, पण शब्दाचा पक्का. दोन-तीन हंगाम त्यानं आमचा माल ओतून पाहिला आणि मग सोडून दिलं. लाल खूण दिसली की म्हणायचा, "अधिकचा हाय, राहू दे." आणि पुढच्या कॅरेटाकडं वळायचा. खरं सांगतो, त्या वेळी मला मोठा मान वाटायचा. शेजारची कॅरेटं जमिनीवर पालथी व्हायची आणि मी आपला भरल्या पोटानं ताठ बसलेला असायचो.

बाबा गेले. शेती, शेड आणि रविवारची उपासना शांतवनकडं आली. शांतवन माणूस लाखात एक. आवाज असा की तो गायला लागला की रस्त्यानं जाणारे थांबायचे. कुणाच्या घरी आजारपण असलं तर प्रार्थनेला पहिला हा हजर. त्याची बायको रूथ बोलायला कमी, पण तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. टोमॅटो निवडायला बसली की तिचे हात चालायचे आणि कान सगळीकडं असायचे.

त्या वर्षी परतीचा पाऊस ऐन तोड्याच्या वेळी आला. पिकल्या टोमॅटोवर पाऊस पडला की साल तडकते आणि दोन दिवसांत फळ पाणी सोडतं. झाडावर लालभडक दिसणारं अर्धं पीक हातात घेतलं की चिरलेलं निघायचं. आणि नेमकी त्याच आठवड्याच्या रविवारी जुन्नरला हंगामाची उपासना होती. गावोगावची मंडळी आपापल्या शेतातलं उत्तम ते घेऊन येतात, वेदीपुढं मांडतात आणि देवाचे उपकार मानतात. शांतवनच्या मनात होतं, कळंबची मांडणी सगळ्यांत देखणी दिसावी. बाबा गेल्यापासूनची ही पहिलीच वेळ होती.

शनिवारी शेडमध्ये टोमॅटोंचा ढीग पडला. शांतवननं एकेक फळ हातात घेऊन, पुसून, निवडून वेदीसाठीची कॅरेटं भरली. कडेनं आंब्याची पानं लावली. ती भरून झाल्यावर ढिगात चांगलं असं थोडंच उरलं, बाकी सगळं तडकलेलं. रूथनं त्या तडकलेल्या मालाकडं बोट दाखवलं.

"अवो, ह्येचं काय करायचं?"

"खाली घाल आन वरनं चांगल्याचा एक थर दे. आजच्या दिवस."

रूथचे हात थांबले. "बाबा असते तर?"

"बाबा असते तर त्यांनी बी देवाला चांगलंच दिलं असतं," शांतवन म्हणाला. "देवाच्या पुढं तडकलेलं न्यायचं का?"

रूथ पुन्हा ढिगाजवळ वाकली. तिनं मला पुढं ओढलं, खाली चिरलेले, मऊ पडलेले टोमॅटो घातले आणि वर चकचकीत थर लावला. माझ्या पोटात गिळगिळीत गारवा आणि डोक्यावर मात्र साज. शांतवनच्या मनात फसवायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्याला फक्त देवापुढं कमी पडायचं नव्हतं. देवापुढं कमी न पडता माणसापुढं कमी पडलं तर चालतं, असं त्याला त्या घटकेला वाटलं, इतकंच.

त्याच दुपारी यार्डात शौकतनं लाल खूण पाहिली आणि हात हलवला. "अधिकचा हाय. सरळ मंचरच्या गाडीत टाक, गोकुळ."

गोकुळ हा शौकतचा हमाल. शिनोलीच्या वर डोंगराच्या कुशीतली एक वाडी, तिथला. घरी आई, बायको आणि थोडं भाताचं रान. भाताची कामं सोडली तर वर्षभर तो नारायणगावात खोली घेऊन राहायचा. कॅरेट उचलताना तो कधी आपटायचा नाही, म्हणून आम्हा कॅरेटांचा त्याच्यावर जीव होता. त्यानं आम्हाला पिकअपमध्ये रचलं आणि गाडीबरोबर तोच मंचरला आला. तिथं एका मंगल कार्यालयात कुणा साहेबांच्या निवृत्तीचं जेवण होतं आणि भाजीचा पुरवठा शौकतनं अंगावर घेतला होता.

आचाऱ्यानं मला पाटीत उपडं केलं. वरचा लाल थर घरंगळला आणि त्याच्यावर बाकीचा चिखल पडला. वास सुटला. दुसरं कॅरेट ओतलं, तेही तसंच. आचाऱ्यानं फोन करून शौकतला बोलावून घेतलं आणि आलेल्या पाहुण्यांच्या देखत त्याला सुनावलं, "वरून सफरचंद आन खालून चटणी. हा धंदा कधीपासून सुरू केला, शौकतभाई?" शौकतचा चेहरा मी इतकी वर्षं बघत आलो होतो, पण तो तसा पडलेला कधी पाहिला नव्हता.

यार्डात परत आल्यावर त्यानं गोकुळला सगळ्यांसमोर उभं केलं.

"खालचा चांगला माल कुठं उतरवला?"

"मी कशाला हात लावू, मालक? माल आधीच तसा असंल."

"कुणाचा माल हाय बघितलास का? अधिकच्या मालात खोट नसती. बापाच्या काळापास्न बघतोय मी. त्या माणसाचं नाव तोंडानं घेऊ नको. गाडीवर तूच व्हतास ना?"

"व्हतो."

"मग उद्यापास्न येऊ नको."

हमाल, शेतकरी, दुसरे व्यापारी, सगळे बघत होते. गोकुळनं खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी केली आणि कुणाकडं न बघता निघून गेला. मी तिथंच रिकामा पडलो होतो. माझ्या जाळीला सडका रस चिकटला होता आणि कुशीवर ती लाल खूण होती. त्याच खुणेनं एका निर्दोष माणसाला चोर ठरवलं. मला कंठ असता तर मी त्या दिवशी यार्ड डोक्यावर घेतलं असतं.

सोमवारी शौकत स्वतः आमची रिकामी कॅरेटं घेऊन कळंबला आला. शांतवन खुशीत होता. जुन्नरला सगळ्यांनी कळंबच्या मांडणीचं कौतुक केलं होतं. त्यानं मला पालथं घालून शौकतला बसायला दिलं, रूथनं चहा आणला. शौकत चहाचा कप हातात धरून म्हणाला, "शांतवनभाऊ, माफी मागायला आलोय."

"कशाची?"

त्यानं सगळं सांगितलं. आचाऱ्याचं बोलणं, पाहुण्यांचं हसणं, गोकुळला कामावरून काढणं. शेवटी म्हणाला, "माझ्या माणसामुळं तुमच्या मालाला बट्टा लागला. तुमचा बाप माझ्यासाठी पीर व्हता, भाऊ. मनात काय ठेवू नका."

शांतवननं आपला कप खाली ठेवला. आता तो बोलेल, असं मला वाटलं. रूथही दारात थांबून त्याच्याकडंच बघत होती. शांतवन म्हणाला, "असू दे. व्हतं कधी कधी."

शौकत निघून गेला. जाताना त्यानं पुढच्या तोड्याचा माल आपल्यालाच द्यायचा असं बजावलं.

त्यानंतर शांतवनचं अन्न गोड लागेना. टोमॅटो तोडताना तो गायचा, ते बंद झालं. पहाटे शेडमध्ये येऊन गुडघ्यावर बसायचा आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहायचा. मला त्याची दया यायची. वाईट माणसाला असला त्रास होत नाही. तो जेवतो, झोपतो आणि पुढचं कॅरेट भरतो.

पुढच्या रविवारी उपासनेत शांतवन साक्ष द्यायला उभा राहिला. आमच्यात ही रीत आहे. ज्याला वाटेल त्यानं उठायचं आणि प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीला सांगायचं. शांतवन म्हणाला, "भावांनो, बहिणींनो, माझ्या हातून व्यवहारात एक पाप झालं. मी प्रभूपुढं रडलो. रात्रंदिवस रडलो. आन प्रभूनं मला क्षमा केली. माझ्या छातीवरचा धोंडा त्यानं उचलला." असं म्हणून तो खरोखर रडला. मंडळीही रडली. ठकूबाई त्या दिवशी डुलकी न घेता ऐकत होती. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अशी साक्ष मी जल्मात ऐकली न्हाई बाबा."

टोमॅटोचं नाव निघालं नाही. शौकतचं नाही, गोकुळचंही नाही. दुपारी शांतवननं भाकरी मागून मागून घेतली आणि किती दिवसांनी पोटभर जेवला.

जेवण झाल्यावर रूथ शेडमधली कॅरेटं आवरू लागली. शांतवन माझ्यावर येऊन बसला.

"मोकळं वाटतंय?" तिनं विचारलं.

"लई मोकळं वाटतंय."

"गोकुळला बी वाटत असंल का?"

शांतवननं मान खाली घातली. रूथचा आवाज चढला नव्हता, पण तिनं हातातलं काम सोडलं होतं. "देवाची माफी मागितलीत, चांगलं केलंत. पर देवाचं काय गेलं व्हतं? त्याला तर आपण निवडून निवडून दिलं. ज्याचं गेलं, त्याचं नाव बी तुमी घेतलं न्हाई."

"रूथ, यार्डात जाऊन बोललो तर मंडळीचं नाव जाईल. बाबांचं जाईल. लोक आपल्या प्रभूला हसतील."

"आज लोक गोकुळला चोर म्हणत्यात. ते चालतंय का प्रभूला?" आणि मग म्हणाली, "थर मी लावला. माझे बी हात हायेत त्यात. तुमी न्हाई गेला तर मी जाईन."

ती निघून गेली. शांतवन माझ्यावर बराच वेळ बसून राहिला. माणसाचं वजन मला चांगलं कळतं, पण त्या दुपारी तो ठकूबाईपेक्षा जड झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला उत्तम टोमॅटोंनी गच्च भरलं, वर जे तेच खाली, आणि मोटरसायकलला बांधलं. घोडेगाव मागं पडलं, शिनोली मागं पडली, मग चढ लागला. दोन्ही अंगांना भाताची खाचरं पिवळी पडू लागली होती. विचारत विचारत आम्ही गोकुळच्या घरी पोचलो. पडवीत एक म्हैस बांधलेली, तिच्यापुढं गोकुळ गवत टाकत होता. त्याची आई, बायडाबाई, हिनं पावणं म्हणून आधी तांब्याभर पाणी दिलं. शांतवननं ते पाणी पिऊन घेतलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. माल मी तसा भरला, चोर तू नाहीस, मी आहे.

गोकुळ गवत टाकायचा थांबला नाही. "मी मालकाला तेच म्हटलं व्हतं," तो म्हणाला. "मालक म्हणलं, त्या माणसाचं नाव घेऊ नको तोंडानं." एवढं बोलून त्यानं गवताची पुढची पेंढी सोडली. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर शांतवनला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

शांतवननं मला पुढं सरकवलं. "एवढं घरात ठेवा."

"पावणं," बायडाबाई म्हणाली, "तुमी एवढ्या लांब आलात, खरं बोललात, लई बरं झालं. पर ह्ये टोमॅटू घिऊन जा. माझ्या लेकाला चोर म्हटलं ते यार्डात, समद्या तालुक्याच्या देखत. आन तुमी खरं सांगताय हितं, पडवीत, म्हशीच्या देखत."

शांतवननं मला उचललं. त्यानं मला पुन्हा बांधलं. उताराला भरलेलं कॅरेट मागं ठेवून गाडी चालवणं सोपं नसतं. तो अख्खा रस्ता हळूहळू उतरला.

तो कळंबला थांबलाच नाही. रूथला फोन करून त्यानं नारायणगावला यायला सांगितलं. आम्ही यार्डात पोचलो तेव्हा तिथं मुंगीला शिरायला जागा नव्हती. पिकअपा लागलेल्या, हमालांची पळापळ. रूथ जीपनं येऊन वाट बघत होती. शांतवननं मला शौकतच्या पुढ्यात ठेवलं. शौकतनं खूण पाहिली आणि नेहमीसारखा हात हलवला. "राहू द्या भाऊ, अधिकचा हाय."

"वता," शांतवन म्हणाला.

"कशाला?"

शांतवननं मला दोन्ही हातांनी उचललं आणि तिथंच काँक्रीटवर ओतलं. टोमॅटो लोकांच्या पायांत पळाले. चार माणसं वळून बघू लागली, मग दहा, मग सगळी. आणि ज्या आवाजानं तो रविवारी गायचा, त्याच आवाजात बोलला. "शौकतभाई, त्या दिवशी तुमी असं वतलं असतं तर गोकुळ आज हितं असता. वरचा थर मी लावला. खालचा नासका माल माझा. गोकुळनं कशाला बी हात लावला न्हाई. आयकताय का समदे? गोकुळ चोर न्हाई."

"आमी दोघांनी केलं," रूथ त्याच्या शेजारी उभी राहून म्हणाली.

पायांतले टोमॅटो चुकवत लोक पुढं सरकले. मग मागून एक जण हसला. "रविवारी गाणी आन सोमवारी पाणी." आणखी दोघे-तिघे हसले. शांतवनचे कान लाल झाले, पण तो जागचा हलला नाही.

शौकत खाली पडलेल्या टोमॅटोंकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते रागाचं होतं की दुःखाचं, मला कळलं नाही. "भाऊ," तो म्हणाला, "तुमच्या खुणेवर मी त्या माणसाला हाकललं. अल्लाला काय सांगू मी आता?" त्यानं धंदा तसाच दुसऱ्याच्या हवाली केला आणि गोकुळच्या वाडीला जायला निघाला.

गोकुळ लगेच आला नाही. भात काढून, झोडून, घरात भरून झाल्यावर मगच आला, त्याच्या सवडीनं. आणि शौकतनं त्याची वाट पाहिली.

इकडं कळंबात आमच्या मंडळीत वादळ उठलं. दोन घरांनी उपासनेला येणं सोडलं. ठकूबाई भांडायलाच आली. "देवाच्या घरातलं बाजारात कशाला नेलंस? आता आमी काय तोंड दाखवायचं?" शांतवननं ऐकून घेतलं. पाळकसाहेब आले तेव्हा त्यांना त्यानं आपणहून सगळं सांगितलं आणि काही महिने उपासना दुसऱ्यानं चालवावी असं सुचवलं. ठकूबाई रागावली खरी, पण पुढच्या रविवारी आली आणि माझ्यावरच बसली.

एक दिवस शांतवन थिनर आणि फडकं घेऊन शेडमध्ये आला. त्याला आमच्या कुशीवरची खूण पुसायची होती. "ह्या खुणेची लायकी न्हाई राहिली माझी," तो रूथला म्हणाला. त्याच दिवशी शौकत रिकामी कॅरेटं द्यायला आलेला. त्यानं शांतवनच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"खूण पुसू नका, भाऊ. कुणाचा माल वतायचा ते आमाला कळाया पायजे."

तो हसत नव्हता. शांतवनही हसला नाही. त्यानं थिनरची बाटली बाजूला ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी फिकट झालेल्या खुणांवर पुन्हा लाल रंग दिला.

तेव्हापासून आमचा माल दर वेळी ओतला जातो. बाजारात दुसऱ्या कुणाचं ओता न ओता, लाल खुणेचं कॅरेट आधी ओतायचं, असं ठरूनच गेलं आहे. ओतायचं काम गोकुळकडं आलं. पहिल्या वेळी त्यानं मला धरलं, क्षणभर शांतवनकडं पाहिलं आणि हात न आखडता पुरतं पालथं केलं. वरून खालपर्यंत सारखेच टोमॅटो निघाले. शांतवन वाकून ते गोळा करू लागला.

"राहू द्या. हमालाचं काम हाय," गोकुळ म्हणाला.

"माझं बी हाय," शांतवन म्हणाला.

दोघांनी मिळून मला पुन्हा भरलं. बोलणं असं काही झालं नाही. हल्ली हल्ली भरताना गोकुळ म्हशीचं सांगतो, शांतवन पावसाचं विचारतो. त्यांची दोस्ती झाली असं मी म्हणणार नाही. तुटलेलं सांधायला कॅरेटाला तार पुरते, माणसाचं तसं नसतं.

आणि तार मला लागलीच. रोज रोज काँक्रीटवर आपटून माझी एक कड तडकली, मग तुटून पडली. रूथनं तिथं तार गुंडाळून दिली. निळा रंग उडून मी आता पांढुरका दिसतो. नवी कॅरेटं शेडमध्ये आली आहेत, गुळगुळीत आणि ऐटबाज. ती मला विचारतात, आजोबा, पूर्वी म्हणे आपल्याला कुणी ओतत नव्हतं? मी हो म्हणतो. तो मान होता, असं त्यांना वाटतं. मलाही वाटायचा. आता वाटत नाही. न ओतलेल्या कॅरेटात काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि एकेकाळी ते मलाच पोटात घेऊन बसावं लागलं होतं.

माझा आता एखादाच हंगाम उरला असेल. मग भंगारवाला येईल, नाहीतर रूथच्या कोंबड्या माझ्यात अंडी घालतील. जाण्याआधी तुम्हा प्रभूच्या माणसांना हात जोडून एक मागणं आहे. हात मला नाहीत, ते तुम्ही मानून घ्या. आमच्यावर बसून जे गाता, ते गात राहा, फार गोड असतं. देवाला निवडून द्या, जरूर द्या. पण तुमच्या अंगावरची खूण बघून कुणी तुम्हाला न तपासता पुढं सोडू लागला, तर त्याचा हात धरा आणि म्हणा, थांब, आधी ओतून बघ. आणि ज्याचं नुकसान केलं असेल, त्याच्या दारी जा. दारी जाऊन भागत नसेल तर बाजारात जा.

आज सोमवार आहे. यार्डात गर्दी आहे. शांतवननं मला खाली ठेवलंय आणि तो बाजूला उभा राहिलाय, हात मागं बांधून, कसलीच घाई नसल्यासारखा. गोकुळ येतोय. माझी तार थोडी सैल झालीय आणि हा आपटा मला सोसेल की नाही, सांगता येत नाही. पण माझ्या पोटात वर जे आहे तेच खाली आहे. ओत, बाबा.